पोलिसांची लाठी मोठी की संविधानाचे कलम २२?

"जरा ठाण्यात चल, साहेबांनी बोलावलंय." महाराष्ट्रातल्या कुठल्याही भीमनगरात, पारध्यांच्या पालावर किंवा मुस्लिम मोहल्ल्यात हे शब्द ऐकू आले की घरातल्या माणसांच्या तोंडचे पाणी पळते. कोणत्या गुन्ह्यात, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या आदेशाने, हे विचारण्याची सोय नाही. विचारलेच तर "लई कायदा शिकलास का रे?" हा प्रतिप्रश्न ठरलेला आणि त्याच्या मागोमाग कानाखाली आवाजही ठरलेला. आम्ही या लेखातून प्रत्येक बांधवाला आणि भगिनीला सांगू इच्छितो की, होय, कायदा शिकायचाच आहे! कारण हा कायदा कुणा साहेबाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. तो विश्वरत्न, बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानात लिहून ठेवलेला आहे.

जयंतीच्या मिरवणुकीत संविधान डोक्यावर घेणारे पुष्कळ आहेत. पण पोलिसांच्या हाताला संविधानाने कुठे आणि कसा लगाम घातला, हा इतिहास ठाऊक असणारे थोडे आहेत. म्हणून तो आधी सांगितला पाहिजे. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा तयार केला. त्यातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत त्यांनी एक हक्क असा घातला की, माणसाचे शरीर, त्याचे घर, त्याचे कागदपत्र आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घेता येणार नाही, जप्ती करता येणार नाही आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघणार नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाला घर असते आणि त्या घराला उंबरठा असतो, हे या देशाच्या कायद्याला ठणकावून सांगणारा तो मसुदा होता.

पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी हाच हक्क संविधानात घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेब उठले आणि ही दुरुस्ती आपल्याला मान्य आहे असे त्यांनी सांगितले. त्यांचे म्हणणे असे होते की, यातले बरेचसे फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून आहे, पण उद्याचे कायदेमंडळ ते काढून टाकू शकते. व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीने या तरतुदी इतक्या मोलाच्या आहेत की त्या कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेल्या बऱ्या. आणि झाले काय? मतदानात सभागृहाने ती दुरुस्ती फेटाळली! बाबासाहेबांनी स्वीकारलेली दुरुस्ती घटना समितीने नाकारली, ही गोष्ट 'संविधान एकट्या आंबेडकरांनी लिहिले का?' असे कुत्सितपणे विचारणाऱ्यांनी आणि आपणही नीट लक्षात ठेवली पाहिजे. संविधानात पोलिसांना अधिक मोकळीक राहिली असेल, तर ती बाबासाहेबांमुळे राहिलेली नाही.

पण बाबासाहेब हार मानणारे नव्हते. जीवित आणि स्वातंत्र्याच्या मूळ अनुच्छेदातून 'ड्यू प्रोसेस'ची कल्पना वगळून तिथे 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' असे शब्द आले, तेव्हा संसदेला कोरा धनादेश मिळाला अशी टीका झाली. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी सभागृहात नवा अनुच्छेद १५-अ मांडला आणि आधीच्या नुकसानीची ही भरपाई आहे, असे स्वच्छपणे सांगितले. तोच आजचा अनुच्छेद २२. अटक केलेल्याला अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर सांगितलीच पाहिजेत. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय एक क्षणही डांबून ठेवता येणार नाही. याच अनुच्छेदाच्या पुढच्या भागात प्रतिबंधक स्थानबद्धतेला या हक्कांतून वगळले आहे आणि त्याचा गैरवापर आजवर सगळ्या सरकारांनी केला, हेही खरे आहे. तरीसुद्धा रोजच्या अटकेपुरते बोलायचे तर अनुच्छेद २२ ही गरिबाची ढाल आहे.

झडतीविषयीचा हक्क नाकारल्याची किंमत मात्र देशाने मोजली. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की, अमेरिकेसारखा झडतीविरोधी हक्क आपल्या घटनाकारांनी घातलेला नाही, तो आम्ही कसा आणणार? १९७३ मध्ये पूरनमल प्रकरणात ठरले की, झडती बेकायदेशीर असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा केवळ तेवढ्याने बाद होत नाही. म्हणजे पोलिसाने दार बेकायदा फोडले तरी आत सापडलेली वस्तू न्यायालयात चालते! अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला आणि एम. पी. शर्मा प्रकरणातले खासगीपणाविरुद्धचे मत रद्द केले. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये जे मागितले, त्याच्या दाराशी यायला या देशाला ७० वर्षे लागली.

आता व्यवहारात या. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन तिच्या जागी 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३' आली आहे. कलमांचे आकडे बदलले. पोलिसांनी ते पाठ केले, आपण केले नाहीत. म्हणून ते इथे देत आहोत. कात्रण कापून ठेवा.

पहिली गोष्ट रस्त्यावरची. 'चौकशीसाठी ताब्यात घेतले' हे वाक्य वर्तमानपत्रात रोज छापून येते. पण माणसाला अटक न दाखवता चौकशीच्या नावाखाली रात्रभर बाकावर बसवून ठेवण्याचा अधिकार या संहितेच्या कुठल्याही कलमात नाही. माणूस साक्षीदार असेल तर कलम १७९ खाली लेखी आदेशाने बोलावता येते. संशयित असेल आणि लगेच अटकेची गरज नसेल तर कलम ३५ (३) खाली हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. आणि अटकच करायची असेल तर ती उघडपणे, कागदावर करावी लागते. अटक कधी सुरू होते? मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले की, माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आले की अटक झाली. अधिकारी कागदावर कोणती वेळ लिहितो यावर ते अवलंबून नाही. म्हणून २४ तासांचे घड्याळ ठाणे अंमलदाराच्या पेनाने सुरू होत नाही. ते तुमचा हात धरला त्या मिनिटाला सुरू होते. ती वेळ घरच्यांनी लिहून ठेवा!

स्त्रिया, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील वृद्ध, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्या राहत्या घरी जाऊनच विचारपूस करावी लागते. १९७२ मध्ये विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर काय गुदरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना कसे सोडले, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी हवी. हे कलम ४३ मध्ये आहे.

दुसरी गोष्ट घरातली. वॉरंटाशिवाय घराची झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे तपास अधिकाऱ्याने आधी कारणे लेखी नोंदवली पाहिजेत आणि कोणती वस्तू शोधतो आहोत तेही लिहिले पाहिजे. त्या नोंदीची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. कलम १०३ प्रमाणे त्याच भागातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत. घरमालकाला झडतीच्या वेळी हजर राहू दिले पाहिजे आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत दिली पाहिजे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, तिची अब्रू राखून घ्यायची आहे. कलम १०५ प्रमाणे आता झडतीचे चित्रीकरण सक्तीचे झाले आहे. या नव्या संहितेतली ही खरोखर उपयोगी तरतूद आहे. कोर्टात आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो की, पोलिसांचे पंच ठरलेले असतात. आज दारूच्या केसमध्ये, उद्या चोरीच्या केसमध्ये तेच दोघे सह्या करतात. आता बचावाच्या वकिलाने पहिला प्रश्न विचारायचा : चित्रीकरण कुठे आहे?

तिसरी गोष्ट ठाण्यातली. १९८६ मध्ये पश्चिम बंगालच्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंविषयी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. त्यावरून १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी ११ निर्देश दिले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेच्या वेळीच वेळ आणि तारखेसह अटकेचा मेमो तयार झाला पाहिजे. त्यावर नातेवाइकाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही हवी. नातेवाइकाला कळवले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू दिले पाहिजे. हे आज कलम ३६, ३८, ४८ आणि ५३ मध्ये आले आहे. कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावे प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायची आहेत. तुमच्या ठाण्यात असा फलक आहे का, हे आजच जाऊन पाहा. २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे सक्तीचे केले आहेत. ते चालू आहेत का, हेही विचारा.

अटकेची कारणे सांगायची म्हणजे 'तुझ्यावर तीनशे चोवीस लागलंय' असे म्हणणे नव्हे. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवून दिले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. तत्काळ देणे अशक्य असेल तर तोंडी सांगावीत, पण रिमांडसाठी दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कारणे हातात पडली पाहिजेत. नाहीतर अटक आणि रिमांड बेकायदा! अनुच्छेद २२ बाबासाहेबांनी सभागृहात मांडला, त्याला तेव्हा ७६ वर्षे झाली होती. अमरावतीच्या मातीतून आलेल्या, बाबासाहेबांच्या विचारात वाढलेल्या सरन्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या अनुच्छेदाला ही धार दिली, याचा आम्हाला अभिमान आहे.

मग एवढे सगळे कागदावर असताना परभणी का घडते? १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले आणि आंबेडकरी वस्त्यांत धरपकड झाली. अटक झालेल्यांत वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक ३५ वर्षांचा तरुण होता. त्याचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे कारण नोंदले गेले. गुन्हा नोंदवण्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. तिची बाजू अ‍ॅड. प्रकाश आंबेडकरांनी मांडली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलै रोजी तिथेही हरले. दोषी कोण, याचा निवाडा न्यायालयात होईल तो होवो. आमचा प्रश्न वेगळा आहे. कोठडीत मेलेल्या मुलाचा साधा एफआयआर नोंदवण्यासाठी एका आईला सात महिने का झगडावे लागले? आणि ज्या सरकारने तिच्या बाजूने उभे राहायचे, ते तिच्याविरुद्ध दिल्लीपर्यंत का गेले?

याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, जातीच्या उतरंडीत आहे. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण पोलिसांच्या डोक्यातला कायदा रद्द झाला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्याच्या पालावर! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातल्या जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींना मनमानी अटक करू नका, असा स्वतंत्र निर्देश पोलिसांना द्यावा लागला, यातच सारे आले. आणि नव्या संहितेने मात्र 'सवयीचा गुन्हेगार' म्हटल्या गेलेल्याला बेडी घालण्याची मुभा कलम ४३ मध्ये दिली आहे. ही बेडी कोणाच्या हातात जास्त पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

काही लोक विचारतील, मग काय गुन्हेगारांना मोकाट सोडायचे? मुळीच नाही. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या तिसऱ्या अहवालात देशातल्या सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असल्याचे नोंदवले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या जोगिंदर कुमार निकालात त्याचा आधार घेतला आणि अटकेचा अधिकार असणे वेगळे, अटक करण्याची गरज असणे वेगळे, असे बजावले. चुकीच्या माणसाला आत टाकले की खरा गुन्हेगार बाहेरच राहतो, एवढे साधे गणित आहे.

दुसरा प्रश्न आमच्याच काही मित्रांचा असतो. 'अ‍ॅट्रॉसिटीच्या आरोपीला अटक करा म्हणता आणि स्वतःसाठी अटकेवर बंधने मागता, हे कसे?' याचे उत्तर आम्ही स्वच्छ देतो. अ‍ॅट्रॉसिटीच्या आरोपीलाही अनुच्छेद २२ लागू आहे. त्याला वकील मिळू नये, २४ तासांत हजर करू नये, त्याला मारावे, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. बाबासाहेबांचे संविधान शत्रूलाही तेच संरक्षण देते. आमचा लढा दुहेरी मापाविरुद्ध आहे. २० मार्च २०१८ च्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटीच्या आरोपीच्या अटकेआधी वरिष्ठांच्या परवानगीची अट घातली. २ एप्रिलला भारत बंद झाला, संसदेने कलम १८-अ आणले आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपलेच निर्देश मागे घेतले. त्या काळात आरोपीच्या प्रतिष्ठेविषयी किती हळहळ व्यक्त झाली! तीच हळहळ वस्तीतल्या पोराला रात्री दोन वाजता अंथरुणातून ओढून नेताना कुठे जाते? पाटलाच्या पोराला नोटीस आणि महार-मांगाच्या पोराला लाठी, हा कायदा नव्हे, ही मनुस्मृती आहे.

तेव्हा बांधवांनो, रडून भागणार नाही. पुढाऱ्याला फोन करून 'जरा साहेबांना सांगा' म्हणण्याची सवय आधी सोडा. त्याने एक पोरगा सुटतो, पण दुसऱ्या वेळी दहा पोरे आत जातात. प्रत्येक बुद्धविहारात अनुच्छेद २१ आणि २२ मराठीत लिहून लावा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास कायद्यासाठी ठेवा. प्रत्येक वस्तीत दोन तरुण आणि दोन तरुणी अशा तयार करा, ज्या अटकेची वेळ, अधिकाऱ्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक लिहून घेतील. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. पोलिसाशी हुज्जत घालू नका, अंगावर जाऊ नका, त्याने सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा तेवढा वाढतो. शांतपणे कारण विचारा, लेखी मागा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. १५१०० हा क्रमांक पाठ करा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दंडाधिकारी जेव्हा विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?', तेव्हा मागे उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहून मान हलवू नका. मारले असेल तर तिथेच, मोठ्याने सांगा. जखम दाखवा. ती नोंदवून घ्यायला लावा. त्या पाच मिनिटांसाठीच अनुच्छेद २२ लिहिला गेला आहे. आमच्या तरुण वकील मित्रांनाही आमचे आवाहन आहे की, काळा कोट घातला तो बाबासाहेबांमुळे. महिन्यातला एक दिवस रिमांडच्या कोर्टात वस्तीसाठी द्या.

संविधानाच्या प्रतिकृतीचा अवमान झाला म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, ते योग्यच आहे. पण कारण न सांगता झालेली प्रत्येक अटक, पंचांशिवाय झालेली प्रत्येक झडती आणि कोठडीत उगारलेली प्रत्येक लाठी हीसुद्धा संविधानाची विटंबनाच आहे. ती काचेच्या पेटीत होत नाही, म्हणून दिसत नाही, एवढेच. ती दिसायला लागेल तेव्हा आणि आपण तिला कागदावर, कोर्टात आणि रस्त्यावर जाब विचारू तेव्हाच परभणीच्या त्या कायद्याच्या विद्यार्थ्याला खरे अभिवादन होईल.

जयभीम! जय संविधान!